कुलाब्याचा शनिवार

मुंबईच्या दक्षिण टोकाला, ताजमहाल हॉटेलावरून समुद्राच्या कडेकडेने कुलाब्याच्या दिशेने निघाले, की आर्थर बंदर रोड नावाचा एक आखूड रस्ता लागतो. त्याच्या एका अंगाला कुलाबा कॉजवेची वर्दळ आणि दुसऱ्या अंगाला रेडिओ क्लब व त्याला लागून समुद्र. ह्या रस्त्यावर ‘वूडू’ नावाचे एक मद्यगृह होते. अंधारे, उकाड्याचे, आठवड्याच्या इतर रात्री सांगण्यासारखे काही नसलेले. तरीही परदेशी प्रवाशांसाठी छापल्या जाणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकांत त्याची नोंद होत असे, आणि ती एकाच कारणासाठी. दर शनिवारी रात्री तेथे समलिंगी पुरुष जमत, बोलत आणि नाचत. असे नियमाने, आठवड्याच्या ठरलेल्या वाराला चालणारे मुंबईतील ते एकमेव ठिकाण म्हणून ओळखले जाई. गेल्या शतकाचे शेवटचे दशक आणि ह्या शतकाची पहिली काही वर्षे हा त्याच्या भराचा काळ होय.

नाइट क्लबाचा इतिहास हा काही सभ्य इतिहासाचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. पण इतिहास हा दरबारांचा आणि लढायांचाच असतो असे नाही; माणसे कोठे जमू शकत होती आणि कोठे जमू शकत नव्हती, ह्याचाही एक इतिहास असतो. बिदर आणि कलबुर्गी ह्या सीमाभागातील मराठी घरांना तर तो परका वाटण्याचे कारण नाही. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद ह्या तालुक्यांतून शिक्षणासाठी, नोकरीसाठी मुंबईस गेलेली माणसे नात्यागोत्यात कोणाला नाहीत? मुंबई आणि मद्रास ह्यांना जोडणारा लोहमार्ग १८७१ मध्ये पुरा झाला आणि कलबुर्गी त्या मार्गावर आली. तेव्हापासून रात्री गाडीत बसावे आणि सकाळी मुंबईत उतरावे, हा इकडच्या तरुणांचा परिपाठ झाला. कोणी गिरणीसाठी गेले, कोणी कॉलेजासाठी, कोणी घरच्या भाऊबंदकीला कंटाळून. आणि काही थोडे असे, की ज्यांना आपण घरी का राहू शकत नाही हे कोणालाच सांगता येत नव्हते. त्यांच्या वाट्याला मुंबईत काय आले, त्याची हकीकत ह्या शनिवारच्या हकीकतीत गुंतलेली आहे.

ते इकडे का राहू शकत नव्हते, ह्याचे एक उत्तर समाजात सापडते आणि दुसरे कायद्याच्या पुस्तकात. १९४८ पर्यंत बिदर आणि गुलबर्गा हे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे जिल्हे होते. ह्या संस्थानात फसली १३२९ साली, म्हणजे १९१९ च्या सुमारास, तृतीयपंथीयांविषयी एक स्वतंत्र कायदा झाला. इंग्रजांनी १८७१ मध्ये ‘गुन्हेगार जमाती’ ठरवणारा जो कायदा केला, त्याच्या दुसऱ्या भागात असेच कलम होते. हैदराबादने तेच उचलले. हैदराबाद शहरात आणि सरकार जाहीर करील अशा इतर ठिकाणी राहणाऱ्या तृतीयपंथीयांपैकी ज्यांच्यावर मुले पळवण्याचा किंवा अनैसर्गिक कृत्याचा नुसता संशय असेल, त्यांची नावे एका नोंदवहीत लिहावयाची. एकदा नाव चढले, की त्या व्यक्तीने स्त्रीवेश केला, दागिने घातले, रस्त्यावर किंवा सार्वजनिक ठिकाणी नाच केला, वाद्य वाजवले, करमणुकीच्या कार्यक्रमात भाग घेतला, तर पोलिसांनी वॉरंटावाचून पकडावे. शिक्षा दोन वर्षांपर्यंतचा कारावास, अथवा दंड, अथवा दोन्ही.

ह्या कलमांचा रोख वाचकाने नीट पाहावा. चोरी केली तर शिक्षा, मारामारी केली तर शिक्षा, हे कोणत्याही राज्यात असते. येथे शिक्षा नाचण्याला होती. ज्या मुलखात लग्नाच्या वरातीपुढे, उरुसात, जत्रेत गाणेबजावणे हा रोजचा व्यवहार, तेथे एका विशिष्ट माणसाने पायात चाळ बांधले म्हणजे गुन्हा. हैदराबाद संस्थान गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत बिदर आणि गुलबर्गा हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले. तेलंगणाच्या भागात मात्र हा कायदा पुस्तकात तसाच राहिला. तेथील उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला तो जुलै २०२३ मध्ये. म्हणजे तो करणारे राज्य संपल्यानंतरही पाऊणशे वर्षे तो जिवंत होता! कायदे माणसांपेक्षा चिवट असतात ते असे.

अर्थात आपल्या भागात निराळ्या प्रकृतीच्या माणसांना जमण्याची जागाच नव्हती, असे म्हणणे खरे ठरणार नाही. बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मादेवीच्या जत्रेला दक्षिण महाराष्ट्रातून आणि उत्तर कर्नाटकातून लाखो भाविक जातात. त्यांत जोगप्पा असतात. पुरुषदेहात जन्मलेले, देवीला वाहिलेले, लुगडे नेसून आणि डोईवर देवीचा जग घेऊन चौंडक्याच्या तालावर गाणारे. लोक त्यांच्या पाया पडतात आणि पाठ फिरवून हसतातही. पण जोगप्पाला जत्रेत मान मिळतो तो देवीच्या नावाने. ज्याला देवी लागलेली नाही, जो पँट-शर्ट घालून कचेरीत जातो, ज्याला स्त्रीवेशाची ओढ नाही, ज्याचे मन केवळ दुसऱ्या पुरुषावर जडते, अशाला जत्रेतही जागा नव्हती. त्याच्यासाठी नावही नव्हते. जी नावे होती ती शिव्या होत्या. ‘समलिंगी’ हा शब्दसुद्धा अलीकडचा आणि पुस्तकी.

आता मुंबईकडे वळू. मुंबईत निजामाचा कायदा नव्हता, पण भारतीय दंडसंहिता होती. तिचा मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये सिद्ध केला, १८६० मध्ये ती मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आली. तिचे ३७७ वे कलम ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोगास जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगत होते. ह्या कलमाची एक खुबी ध्यानात घेतल्याखेरीज पुढचा इतिहास कळावयाचा नाही. ते कृत्याला शिक्षा सांगत होते, जमण्याला नव्हे. चार पुरुषांनी एका मेजाभोवती बसून सरबत प्यावे, ह्यात कायद्याने काहीच वावगे नव्हते. म्हणून असे ठिकाण चालवणे बेकायदा नव्हते. आणि तरी ते चालवणाराला आणि तेथे जाणाराला कायद्याचे अभय कधीच नव्हते. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाचे ११० वे कलम होते; त्याचा अर्थ रस्त्यावरचा शिपाई लावील तो. समुद्राच्या कठड्यावर बसलेल्या दोघांना चौकीवर नेण्याची नुसती धमकी पुरेशी होई. चौकीपेक्षा घरी कळण्याची भीती मोठी, आणि ती भीती ओळखणाराला पैसे उकळण्यास कलमाचीही गरज पडत नसे.

ह्या विषयावर मराठीत सर्वांत आधी शांत डोक्याने लिहिणारे गृहस्थ म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. मुंबईतून १९२७ ते १९५३ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. नाव छापू नये अशा विनंतीने वाचक त्यांना प्रश्न विचारीत आणि कर्वे उत्तरे छापीत. ह्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी. जे प्रश्न लोकांना खरोखरच पडतात त्यांची उत्तरे देणे ही अश्लीलता कशी, आणि विकृती असेल तर ती ज्ञानावाचून जाणार कशी, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. खटला कर्व्यांनी हरला. दंड भरावा लागला. पण मुंबई इलाख्यातल्या एखाद्या लहान गावात बसलेल्या कोणा वाचकाला आपल्यासारखा आणखी कोणी आहे हे प्रथम कळले असेल, तर ते ह्या मासिकाच्या प्रश्नोत्तरांतून. जमण्याची पहिली जागा अशी कागदावर झाली, हे मराठीला भूषणावह आहे.

प्रत्यक्ष जागेला मात्र दुसरी एक अडचण होती. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात दारूबंदी आली. तिचा कायदा १९४९ चा. सान फ्रान्सिस्को, बर्लिन, लंडन ह्या शहरांत समलिंगी माणसे मद्यगृहांच्या आधाराने एकत्र आली; मुंबईत मद्यगृहच नव्हते. साठीच्या दशकात बंदी सैल होऊ लागली, परवान्यावर पिणे रीतसर झाले आणि ‘परमिट रूम’ नावाची एक खास महाराष्ट्रीय संस्था जन्माला आली. ताजच्या पाठीमागे टुलक रोडवर ‘गोकुळ’ नावाची अशीच एक परमिट रूम होती. साधी, स्वस्त, खलाशांपासून कारकुनांपर्यंत सगळ्यांची. १९८० नंतरच्या दशकात ह्या गोकुळात शनिवारी संध्याकाळी समलिंगी पुरुषांची ये-जा वाढली. पाटी नव्हती, नाच नव्हता, संगीतही नव्हते. दहा मेजे इतरांची आणि चार ह्यांची, असा कारभार. येथून उठून मंडळी अपोलो बंदराच्या कठड्यावर जाऊन बसत. कठड्यावर बसण्याला पैसे पडत नसत, हीही गोष्ट लहान नव्हे.

शनिवारच का, ह्याचे उत्तर अगदी साधे आहे. मुंबईच्या कितीएक कचेऱ्यांत शनिवारी अर्धी सुट्टी असे आणि रविवार मोकळा. आठवडाभर उपनगरात, चाळीत, भावाच्या संसारात किंवा बायको-मुलांत राहणाऱ्या माणसाला शनिवारी संध्याकाळी ‘मित्रांकडे जातो’ असे सांगता येई. मंगळवारी सांगता येत नसे. पुढे जागा बदलल्या, मालक बदलले, गाणी बदलली. वार बदलला नाही. मुंबईतील ह्या समाजाची जी काही अखंड परंपरा म्हणून दाखवता येईल, ती इमारतीची नसून ह्या वाराची आहे.

ऐंशीच्या दशकापर्यंत हे सारे दबल्या आवाजात चाललेले होते. त्याला तोंड फुटले ते निरनिराळ्या दिशांनी. बंगळुरात जन्मलेल्या आणि आकडेमोडीच्या चमत्कारांसाठी जगभर गाजलेल्या शकुंतलादेवी ह्यांनी १९७७ मध्ये समलिंगी माणसांच्या जगावर एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. गणितातल्या त्यांच्या कीर्तीपुढे ते झाकले गेले, पण आपल्याकडचे तशा प्रकारचे ते आरंभीचे पुस्तक होय. १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक रंगभूमीवर आले आणि स्त्रीवर प्रेम करणारी नायिका मराठी प्रेक्षकाने प्रथमच पाहिली. पत्रकार अशोक राव कवी ह्यांनी १९८६ मध्ये एका मासिकाच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे उघड सांगितले. त्याच वर्षी मद्रासेत एचआयव्हीचे भारतातील पहिले रुग्ण आढळले. ह्या दुसऱ्या घटनेने पहिलीला निकड आली. १९९० मध्ये कवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले. १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ स्थापन झाला आणि पुढे सांताक्रूझजवळ वाकोल्याला मुंबई महानगरपालिकेच्या इमारतीत त्याला जागा मिळाली. ज्या माणसांना शिपाई कठड्यावरून उठवीत होता, त्यांना नगरपालिकेने आपल्या छपराखाली बसू दिले. आजार नसता तर ती दिली असती किंवा नाही, हा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर देणे अवघड आहे.

ह्याच दशकात आर्थर बंदर रोडवरचा शनिवार सुरू झाला. गोकुळात बोलता येत होते. वूडूत नाचता येऊ लागले. हा फरक बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल. पण ज्या माणसाने वयाच्या तिशीपर्यंत प्रत्येक लग्नात, प्रत्येक वरातीत, कोणाबरोबर आणि कसे नाचायचे ह्याचे सोंग वठवले, त्याच्या दृष्टीने तो फरक केवढा! दारावर प्रवेशाचे पैसे द्यावे लागत. आत दिवे मंद, आवाज मोठा. बँकेतला अधिकारी, विमान कंपनीतला नोकर, कॉलेजातला विद्यार्थी, परदेशी पाहुणा, नळबाजारातला विक्रेता असे एकमेकांस रस्त्यात ओळखही न देणारे लोक त्या चार भिंतींत खांद्याला खांदा लावून उभे राहत.

पण येथे मुंबईच्या रेल्वेचे वेळापत्रक आडवे येते. मद्यगृहे रात्री दीडच्या सुमारास बंद करावी लागत. चर्चगेटहून बोरिवलीकडे जाणारी शेवटची गाडी एकच्या सुमाराला सुटते आणि सकाळची पहिली चार वाजून गेल्यावर. ज्याच्याजवळ मोटार होती किंवा टॅक्सीचे पैसे होते, तो शेवटच्या गाण्यापर्यंत थांबे. ज्याच्याजवळ नव्हते, त्याला साडेबाराला घड्याळ पाहून निघावे लागे, नाहीतर समुद्राच्या वाऱ्यात तीन तास काढून पहाटेची गाडी धरावी लागे. इतिहासकार वर्गभेदाच्या मोठ्या गोष्टी करतात. येथे तो मिनिटांत मोजता येत होता.

स्त्रिया ह्या शनिवारात जवळजवळ नव्हत्याच. रात्री एकटीने बाहेर पडण्याची मोकळीक जिला घरातून नाही, तिला नाइट क्लबाचे दार उघडे असून नसल्यासारखेच. मुंबईत १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ हा गट निघाला तो घराघरांतील बैठकींतून. त्यांचा इतिहास निराळा आहे आणि तो अधिक कष्टाचा आहे. मद्यगृहाच्या इतिहासाला पुरुषांचा इतिहास म्हणणेच प्रामाणिकपणाचे होईल. तीच गोष्ट भाषेची. वूडूच्या आतली भाषा बव्हंशी इंग्रजी आणि हिंदी. गावाकडून आलेल्या मराठी किंवा कानडी तरुणाला तेथे दोनदा परके वाटण्याचा संभव होता. पुण्याच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे आर. राज राव ह्यांनी २००३ मध्ये ‘द बॉयफ्रेंड’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात मुंबईतील असेच एक काल्पनिक मद्यगृह आहे आणि इंग्रजी लिहिणारा सुशिक्षित नायक व दलित वस्तीतला त्याचा तरुण मित्र ह्यांच्यातले अंतर हाच कादंबरीचा कणा आहे. मराठीत असे अनुभव मांडण्याचे काम बिंदुमाधव खिरे ह्यांनी हाती घेतले. पुण्यात २००२ मध्ये त्यांनी ‘समपथिक ट्रस्ट’ काढला. ‘पार्टनर’ ही त्यांची कादंबरी मराठी वाचकांच्या हाती पडली आणि लातूर-उस्मानाबादकडच्या वाचकालाही आपल्या भाषेत हा विषय वाचता आला.

वूडूचा शनिवार चालू होता तरी बाहेरचे हवामान निवळलेले नव्हते. डिसेंबर १९९८ मध्ये ‘फायर’ ह्या चित्रपटाच्या वेळी मुंबईतील चित्रपटगृहांवर हल्ले झाले; दोन स्त्रियांचे प्रेम पडद्यावर दाखवले हा त्याचा अपराध. जुलै २००१ मध्ये लखनौत एड्स-प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना ३७७ व्या कलमाखाली अटक झाली आणि दीड महिना त्यांनी तुरुंगात काढला. रोगाविषयी पत्रके वाटणे हाच ज्यांचा उद्योग, त्यांची ही गत. मग नाचणाऱ्यांची काय? कोणत्याही शनिवारी दार ढकलून पोलीस आत येतील, ही धास्ती मनात ठेवूनच लोक आत शिरत.

अशा वेळी मालकाने काय करावे? ह्या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी सान फ्रान्सिस्कोत मिळालेले होते. तेथे ‘ब्लॅक कॅट’ नावाचे एक मद्यगृह होते. लेखक, चित्रकार, गोदीकामगार आणि समलिंगी माणसे तेथे एकत्र बसत. १९४९ मध्ये राज्याच्या परवाना मंडळाने ‘येथे समलिंगी लोक जमतात’ एवढ्याच कारणावरून परवाना स्थगित केला. मालक सॉल स्टूमेन स्वतः त्या समाजातला नव्हता. त्याने निमूटपणे गिऱ्हाईक बदलले असते तर कोणी नाव ठेवले नसते. तो न्यायालयात गेला. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आत काही बेकायदा कृत्य घडल्याचा पुरावा हवा. केवळ कोण जमतात ह्यावरून परवाना काढून घेता येणार नाही. माणसाने असणे आणि माणसाने करणे ह्यांत न्यायालयाने केलेला हा भेद मोठा मोलाचा होता.

ब्लॅक कॅटमध्ये होझे सारिया नावाचा एक वाढपी होता. तो स्त्रीवेशात विडंबनाची गाणी म्हणे आणि रात्र संपताना सर्वांना उभे करून एकत्र गावयास लावी; बाहेर पोलीस उभे आहेत हे ठाऊक असताना. १९६१ मध्ये तो शहराच्या कारभारी मंडळाच्या निवडणुकीस उभा राहिला. पडला, पण पाच हजारांवर मते त्याला मिळाली आणि हा समाज मतदारही आहे, हे शहराच्या पुढाऱ्यांना प्रथमच उमगले. सरकार मात्र स्वस्थ बसले नाही. छापे, पाळत, नवे नियम, ह्यांचा मारा चालू राहिला आणि ऑक्टोबर १९६३ मध्ये परवाना अखेर गेला. स्टूमेन वकिलांच्या खर्चाने खचलेला होता. न्यायालयात जिंकलेला मालक असा हिशेबाच्या वहीत हरला.

मुंबईत असा मालक निघाला नाही. निघावा अशी अपेक्षाही रास्त नव्हती. ज्या कृत्याला जन्मठेप सांगितलेली, त्याच्या सावलीत दुकान चालवणारा माणूस न्यायालयाच्या पायऱ्या कशाला चढेल? चढले ते दुसरेच. एड्सविषयक काम करणाऱ्या ‘नाझ फाउंडेशन’ने २००१ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयात अर्ज केला. २ जुलै २००९ रोजी त्या न्यायालयाने सज्ञानांच्या खाजगीतील, संमतीच्या संबंधांपुरते ३७७ वे कलम बाजूस सारले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा उभे केले. ह्या खटल्यात निरनिराळ्या धर्मांच्या काही संघटना कलमाच्या बाजूने उभ्या होत्या. म्हणूनच मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस ह्यांनी त्या डिसेंबरात घेतलेली भूमिका नोंदवण्यासारखी आहे. समलिंगी विवाहास चर्चची मान्यता नाही, पण ह्या माणसांना गुन्हेगार मानणे चर्चला मंजूर नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. पाप आणि गुन्हा ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे धर्मपीठावरून सांगितले गेले ते बरे झाले. पोलीस ठाण्यात तो भेद सहसा शिकवीत नाहीत.

आणि मग २०१८ मध्ये एक मालक न्यायालयात आला. दिल्लीच्या ‘ललित’ हॉटेलात ‘किटी सू’ नावाचा नाइट क्लब २०११ पासून चालू होता आणि तेथे समलिंगी व तृतीयपंथी पाहुण्यांचे उघड स्वागत होई. त्या हॉटेलसमूहाचे केशव सुरी ह्यांनी त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ३७७ व्या कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज दाखल केला. सुरी स्वतः समलिंगी आहेत आणि ते त्यांनी अर्जात सांगितले. नर्तक नवतेजसिंग जोहर आणि इतरांच्या अर्जांसह हा अर्ज ऐकला गेला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने ते कलम सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले. स्टूमेनचा निकाल १९५१ चा, हा २०१८ चा. मधली सदुसष्ट वर्षे ही गोकुळाची, कठड्याची आणि वूडूची वर्षे. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली आणि नव्या न्यायसंहितेत ३७७ व्या कलमाला जोडीदार नाही. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. तो संसदेचा विषय ठरला.

हा निकाल लागेपर्यंत वूडू राहिले नव्हते. ते कोणी बंद पाडले नाही. जागेची गरजच हळूहळू विखुरली. १९९८ च्या अखेरीस ‘गे बॉम्बे’ नावाचा गट संगणकाच्या जाळ्यावरील पत्रव्यवहारातून उभा राहिला आणि त्याने निरनिराळी हॉटेले व क्लब एकेका रात्रीसाठी घेऊन मेळावे भरवण्यास आरंभ केला. एक रात्र अंधेरीला, दुसरी लोअर परळला. गिरण्या पाडून जेथे काचेच्या इमारती उठल्या, त्याच परिसरात. मेळाव्याचे ठिकाण आधी जाहीर होत नसे. ओळखीच्या माणसाला विचारून ते कळे. १६ ऑगस्ट २००८ रोजी ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत ह्या समाजाचा मोर्चा दिवसाढवळ्या निघाला. कितीएक जण तोंडावर मुखवटे लावून चालत होते. तोही वार शनिवारच होता.

आता मोबाइलच्या पडद्यावर दोन मैलांच्या परिघात कोण आहे हे दिसते, आणि हे बिदरातही दिसते. त्याचे फायदे उघड आहेत. त्या पडद्यावरून भेटीस बोलावून मारहाण करणाऱ्या, लुबाडणाऱ्या टोळ्यांच्या बातम्याही वर्तमानपत्रांत येतात. वूडूच्या दारावर निदान चार ओळखीचे चेहरे असत. कलबुर्गीहून निघणारी रात्रीची गाडी अजूनही भल्या पहाटे कल्याण ओलांडते. तीतून उतरणाऱ्या तरुणाला आज आर्थर बंदर रोड शोधावा लागत नाही, आणि शोधला तरी तेथे त्या नावाचे दार त्याला सापडावयाचे नाही. शनिवारचे मेळावे चालूच आहेत. ते कोठे आहेत, हे त्याला शुक्रवारी रात्रीपर्यंत कोणीतरी कळवील.